एका गाडीला एकच हात

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या जन्मात तोंडानं सांगून कुणाकडून काही करून घेतलं असेल, असं मला वाटत नाही. देवानं माणसाला जीभ दिली ती शेंगाचटणीची चव कळावी म्हणून. सांगण्या-बोलण्याचं काम त्यानं हातांकडे सोपवलं, अशी त्यांची पक्की समजूत. मामा फौजेत रणगाड्यांच्या पलटणीत होते. रणगाडा चालवणाऱ्याला म्हणे गाडीच्या नाकाखालचं काही दिसत नाही. म्हणून अरुंद जागेतून गाडी काढताना एक माणूस पुढे उभा राहतो आणि चालकाकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालत, हाताच्या खुणांवर ते धूड पुढे आणतो. मामांची निम्मी नोकरी अशी उलटं चालण्यात गेली. पुढे ते होटगीला येऊन राहिले, तिथून आमच्या गल्लीत, आमच्याच घरी आले, पण खुणा सुटल्या नाहीत. पंजा स्वतःकडे हलला म्हणजे ये, मूठ वर गेली म्हणजे थांब. बायको आमटी वाढायला लागली की ताटावर मामांची मूठ वर जायची आणि पळी जागच्या जागी थांबायची. भाजीबाजारात कुणी टेंपो वळवताना दिसला की मामा न बोलावता त्याच्यापुढे हजर. एकदा असेच उलटे चालत ते एका बाईंच्या वांग्यांच्या ढिगात जाऊन बसले. बाईंनी त्यांच्या सात पिढ्या तेलुगूत काढल्या, पण मामांची मूठ वरच. टेंपो थांबला आहे याची खात्री पटल्यावरच ते वांग्यांतून उठले. मी म्हटलं, "मामा, जरा मागं बघत चला." ते म्हणाले, "मी मागं बगितलं तर त्यानं कुणाकडं बगायचं, जावईबापू?"

त्यांचा एकच कायदा होता, आणि तो मोडण्याचा मान बहुतेक वेळा माझ्याकडे येई. आमचं लोखंडी कपाट जिन्यावरून वर चढवताना मामा पुढे उभे राहून खुणा करत होते. मी मागून, मास्तरकीची सवय म्हणून, "थोडं डावीकडे" एवढंच म्हणालो आणि शिवाय हातानं दाखवलंही. मामांनी ताबडतोब मूठ वर केली. कपाट जिन्याच्या मधोमध टेकलं, आणि वरची माणसं वर, खालची खाली अडकून राहिली. "एका गाडीला एकच हात," मामा शांतपणे म्हणाले. "दोन हात दिसले की डायवर मेला. आता तुमी तरी न्या, न्हायतर मी तरी नेतो." मी दोन्ही हात खिशात घातले तेव्हा कपाट हललं.

गेल्या दोनेक वर्षांत मात्र मामा स्वतःच हात खिशात घालून फिरू लागले. चहाचा पेला दोन्ही तळव्यांत गच्च धरायचे. आमटी वाढताना नुसती मान हलवायचे. बाजारातले टेंपो आपापले वळू लागले. म्हातारपणी माणूस निवतो, तसे मामा निवले असा मी अर्थ लावला. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासून माणसाची नजर किती अधू होते, याचा हा पुरावा.

यंदा सव्वीस जानेवारीच्या परेडसाठी शहरात खराखुरा रणगाडा येणार होता, आणि नेहमीचा रस्ता खणून ठेवलेला असल्यामुळे तो आमच्या रस्त्यानं मैदानावर जाणार होता. माझा आवाज मोठा म्हणून तयारीच्या समितीत मला घेतलेलं. बंदोबस्त बघायला आलेले सुभेदार माढ्याकडचे निघाले. त्यांना मी छाती फुगवून सांगून टाकलं, "आमचे मामसासरे रणगाड्यापुढे चालतील." सुभेदार खूश झाले. म्हणाले, "ट्रेलर आमचा जवान आणील. मैदानाच्या फाटकाशी रणगाडा खाली उतरवू, तितनं मामांनी आत न्यावा. मान त्यांचाच हाय."

घरी येऊन मी ही बातमी पेढा द्यावा तशी दिली. मामांनी उजवा हात खिशातून काढून माझ्यासमोर धरला. हात थरथरत होता. वाऱ्यानं नव्हे, आतून.

"मूठ म्हंजे थांब. पंजा हालला म्हंजे ये. ह्यो हात दोनी एकदमच म्हणतोय. आत कुणाचं तरी लेकरू बसलेलं असतंय, जावईबापू. त्यानं काय समजायचं?"

"मी सुभेदारांना नाही म्हणून सांगतो," मी म्हणालो.

"न्हाई म्हणू नका," मामा घाईनं म्हणाले, आणि मान फिरवून बसले. त्या 'नका'त जे होतं ते मला कपाटाएवढं जड वाटलं. दुसऱ्या दिवशी बायकोनं सांगितलं, मामा आरशापुढे मूठ वर धरून उभे असतात.

परेडच्या आदल्या दिवशी सकाळी रणगाडा आला. लांबलचक, बुटक्या ट्रेलरवर साखळदंडांनी बांधलेला. गड्ड्याच्या जत्रेत मिरवणुकीतले उंच नंदीध्वज जाताना लोक माना वर करून बघतात, तशीच सगळी गल्ली बघत होती. लिंबाच्या कोपऱ्यावर जवान पुढे उलट्या पावलांनी चालत ट्रेलर वळवत होता, तोच गच्चीवरून आमच्या शिंप्यानं "सर!" अशी हाक मारली, आणि मी ऐटीत हात हलवला. झालं. ट्रेलर दचका देऊन जागच्या जागी उभा राहिला. "हात कुणी केला?" सुभेदार गरजले. सगळ्या गल्लीनं माझ्याकडे बोट दाखवलं. फुटपाथवरून मामांनी नुसतं पाहिलं आणि मी हात खिशात घातले.

फाटकाशी रणगाडा धडधडत खाली उतरला. पायाखालची जमीन हलत होती. झाकणातून चालकाचं डोकं तेवढं वर दिसत होतं. मिसरूड फुटलेलं पोरगं. सुभेदारांनी जवानाला बाजूला केलं आणि मामांना अदबीनं पुढे नेलं. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, जुनी टोपी तिरकी बसवली होती. ते रणगाड्यासमोर उभे राहिले आणि हात वर केला.

आरशापुढे तो कसा राहायचा मला ठाऊक नाही. तिथे तो थरथरत होता. मूठ मिटत नव्हती, पंजा उघडत नव्हता. पोरानं त्या हाताकडे निरखून पाहिलं आणि रणगाडा आहे तिथेच रोखला. नुसतं इंजिन धडधडत होतं. धावत जाऊन मामांचं कोपर धरावं असं मला फार वाटलं. एक पाऊल टाकलंही. पण मग तिथे दोन हात झाले असते. जन्मात पहिल्यांदा मी माझे हात वेळेवर आवरले.

मामा तसेच उभे राहिले. मग त्यांनी सावकाश हात खाली घेतला, जवानाला मान हलवून बोलावलं, त्याला आपल्या जागेवर उभं केलं आणि स्वतः कडेला, माझ्याजवळ आले. रणगाडा हलला, वळला आणि फाटकातून आत गेला.



"बगितलं का?" धुरळ्याकडे बघत मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज साफ होता. "समजलं न्हाई, तर थांबलं. अंदाजानं पुढं न्हाई आलं. लई चांगलं शिकवलंय पोराला."

त्या दिवसापासून मामांचा हात पुन्हा खिशाबाहेर आला आहे. चहा सांडतो, सांडू देतात. जेवताना बायको पळी पुढे करते, ताटावर तो हात थरथरत वर येतो, आणि तो 'वाढ' म्हणतोय की 'थांब' म्हणतोय, हे काही केल्या कळत नाही. माझ्या ओठांवर 'पुरे' किंवा 'घ्या की' येतं, ते मी गिळतो. बायको काही विचारत नाही. पळी तशीच हवेत धरून ती थांबते, हात स्थिरावेपर्यंत.

आमटी निवते. आम्ही ती तशीच खातो.