सहा वर्षांच्या आतला रकाना

साधना ती खोली तिसऱ्यांदा मोजत होती आणि आकडा तिसऱ्यांदाही तोच येत होता. एका खोलीत नऊ पुरुष. बाई एकही नाही.

शिरूर तालुक्यातल्या एका वाडीवर ती अठरा वर्षं अंगणवाडी सेविका होती. कारखाने आले तशा वाडीलगतच्या शेतांत कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्या उठल्या आणि त्यांचं सर्वेक्षणही तिच्याच गळ्यात पडलं. दोनशे बारा पुरुष, एकोणीस बायका. पर्यवेक्षिका मॅडमनी फॉर्म तिच्याकडं सरकवला. "असं असतं का कुठं? बायका लिहायच्या राहिल्यात. परत जा."

म्हणून ती परत आली होती. कांदा चिरत बसलेला बिहारी कामगार म्हणाला, "दीदी, औरतें गाँव में हैं. यहाँ हमको ही शिफ्ट से सोने को मिलता है."

दोन खेपांत तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता. वैतागून तिनं बहिणीला फोन लावला. मोनिका दौंडला रेल्वेच्या वसाहतीजवळ हेच काम करायची.

"माझ्याकडं उलटंच हाय," मोनिका म्हणाली. "बायाच चार जास्ती भरल्यात. नवरे गेले, म्हाताऱ्या हायेत पेन्शन घेत. आन् तरणी पोरं नोकरीला पुण्याला."

म्हणजे एवढं साधं होतं. कुठं पुरुष बाहेरून येतात, कुठून निघून जातात. ज्या गावातून हे नऊ जण आले, तिथं नऊ बायका मागं उरल्या असतील. साधनानं तसा शेरा लिहिला आणि मग वयानुसार आकडे उतरवायला बसली. खोल्यांमध्ये जी थोडी कुटुंबं होती त्यांच्यात लहान मुलगे पाच, मुली सहा. तिनं आपल्या वाडीचं पान उघडलं. सहा वर्षांच्या आतले मुलगे एकतीस. मुली सतरा.

तिनं पुन्हा मोजलं. इथं मोजायला कुणाच्या दारात जायची गरज नव्हती, सगळ्यांना तीच खाऊ घालत होती.

कुणाच्या घरी काय झालं हेही तिला ठाऊक होतं. वाडीत सगळीकडं आळीमिळी गुपचिळी. तिच्या स्वतःच्या घरातसुद्धा. धाकटी जाऊ अनुपमा, तिला पहिली मुलगी. त्यानंतर दोनदा दिवस राहिले आणि दोनदा दीर इंद्रजीत तिला गाडीत घालून "चेकअपला" दुसऱ्या जिल्ह्यात घेऊन गेला. दोन्ही वेळा सासू सारजाबाईंनी शेजारणींना सांगितलं, "टिकलं न्हाई." साधना तेव्हा गप्प बसली होती. ते आठवलं की तिला इंद्रजीतपेक्षा स्वतःचाच राग यायचा.

जिल्ह्याच्या बैठकीत साहेबांनी पडद्यावर आकडे दाखवले. "शिरूरच्या भागात बायकांचं प्रमाण कमी दिसतं, दौंडच्या भागात बरं आहे. कारण स्पष्ट आहे. इकडं बाहेरचे कामगार. काळजीचं काही नाही."

साधना उभी राहिली. "सर, मोठ्यांचं बरोबर हाय. पण सहा वर्षांच्या आतली पोरं काय कंपनीत कामाला आल्यात का? आमच्या वाडीत एकतीसला सतराच मुली हायेत."

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "ताई, एका वाडीचा आकडा लहान असतो. योगायोग होतो."

"मग मागच्या चार वर्षांची रजिस्टरं काढा. दरसाल योगायोग मुलींवरच कसा येतो?"

"तुमचा मुद्दा नोंदवून घेतो," साहेब म्हणाले आणि पडद्यावर पुढचं चित्र आणलं. अहवाल निघाला तेव्हा त्यात कामगारांचा शेरा होता. वाडीचं पान नव्हतं. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "जागा पुरली नाही गं."

त्याच महिन्यात गोठ्यामागं शेण काढताना अनुपमा तिच्याजवळ आली. "ताई, दिवस राहून दोन महिने झाले. ह्यांनी पुढच्या महिन्याला परत गाडी सांगितलीय." आणि थांबून म्हणाली, "मला न्हाई जायचं."

साधनानं हात धुतले, तिला स्कूटीवर बसवलं आणि थेट उपकेंद्रात नेलं. नर्सबाईंनी नाव, तारीख, आधार नंबर सगळं भरून घेतलं. एकदा नोंद झाली की दर महिन्याला विचारणा होते, गर्भ पडला तर का पडला हे सांगावं लागतं.

संध्याकाळी घरात आगडोंब उसळला.

"वैनी, तुम्हाला इचारलं व्हतं का कुणी?" इंद्रजीत ओरडला. "माझी बायको हाय ती!"

"तिनं इचारलं व्हतं," साधना म्हणाली.

सासरे हौसराव ताट सरकवून उठले. सारजाबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. नवरा म्हणाला, "घरातलं घरात मिटवता आलं असतं." कसं, ते त्यानं सांगितलं नाही. सात महिने तिनं त्या घरात आपली भाकरी आपण वाढून घेतली.

अनुपमाला मुलगा झाला.

वाडीभर पेढे वाटले गेले. सारजाबाई इतक्या महिन्यांनी तिच्यापुढं आल्या आणि पेढा हातावर ठेवत म्हणाल्या, "बघ! उगं गावभर बोभाटा केलास. देवानं दिलाच का न्हाई?"

साधनानं पेढा घेतला. बाळ गुटगुटीत होतं, अनुपमा सुखरूप होती, त्याचा आनंद तिलाही होताच. पण मुलगी झाली असती तर ह्या अंगणात काय झालं असतं, हे कुणी तोंडावाटे काढत नव्हतं. मुलगा झाला म्हणून इंद्रजीत निर्दोष सुटला आणि ती तेवढी घर फोडणारी ठरली. अनुपमानं पदराआडून तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या आठवड्यात साधना नोंदणीसाठी वरच्या आळीला गेली. तिथल्या नव्या सुनेला दिवस गेल्याचं कानावर आलं होतं. पोरीनं दार अर्धंच उघडलं.

"सासूबाई म्हणत्यात, तुमच्याशी बोलायचं न्हाई."

"आन् तू काय म्हणतीस?"

पोरीनं मागं वळून पाहिलं. आतून भांड्याचा आवाज आला. दार लागलं. साधना उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि पुन्हा कडी वाजवली.