दुसऱ्या मडक्यातले मोबाईल

काकीने उजवा तळहात पुढे करायचा आणि म्हणायचं, "ठेव." काय ठेवायचं ते तिला सांगावं लागत नसे. भलाभला माणूस मुकाट्याने मोबाईल काढून तिच्या हातावर ठेवायचा.

तुमच्याही इमारतीत अशी एखादी बाई असेल, जी कुणाला विचारत नाही. आमच्या सुकापूरच्या इमारतीत होती. ही जमीन तिच्या सासऱ्याची. बिल्डरने बदल्यात तिला दोन फ्लॅट दिले, पण ती सगळी इमारत स्वतःचीच समजायची. गळ्यात जाड सोन्याची माळ, पायात रबरी चप्पल आणि बसायला पार्किंगमध्ये खुर्ची. गाडी कुणाचीही येवो, खुर्ची हलत नसे.

मुलांच्या हातातला मोबाईल मात्र तिने कधी मागितला नाही. मागायची तो आईबापांचा. कुणी म्हणालं, "काकी, पोराला जरा ओरडा ना, सारखा व्हिडिओ बघतो," की हात त्याच्यापुढेच. "पोराचा रावदे. तुजा ठेव आदी." पुष्कळ जण त्यानंतर दुसऱ्या जिन्याने जायला लागले.

आमचा नातू ओम तेव्हा चार वर्षांचा. समोर कार्टून लावल्याशिवाय तोंड उघडत नसे. मोबाईल बंद झाला की घास गालात तसाच. जूनपासून तो दिवसभराच्या शाळेत जायचा होता आणि शाळेने स्पष्ट सांगितलं होतं, मूल हाताने जेवत नसेल तर दुपारी घरी न्या. माझे गुडघे गेलेले, त्याला आणायला कोण जाणार? म्हणजे सुनेला नोकरी सोडावी लागणार. तिने आशा सोडली होती, आणि तिचं चिडलेलं तोंड आम्ही सगळे बघत होतो.

मी खाली जाऊन काकीला सांगितलं. ती जेवायच्या वेळी वर आली आणि मुलगा-सून दोघांपुढे हात केला. मोबाईल गेले तसा ओमने असा गळा काढला की शेजारचे बाहेर आले.

"रडूदे," ती म्हणाली. "रडून कोन मरत नाय."

"पण उपाशी राहील ना!" सून म्हणाली.

"भूक लागंल. लागूदे. तुमी त्याला भूक कवा लागू दिलीय?"

ओम त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी सुनेने मोबाईल परत घेऊन कार्टून लावलं आणि काकीला दारातच ऐकवलं, "आमच्या घरात लक्ष घालू नका." काकी गेली. रागावून गेली असं मला वाटलं. ती पोपटीच्या, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायच्या तयारीला गेली होती.

थंडीचे दिवस, वालाच्या शेंगा भरलेल्या. इमारतीमागे तिचा जमिनीचा एक तुकडा विकायचा राहिला होता. तिथे तिने सगळ्या मुलांना भांबुर्ड्याचा पाला तोडायला लावलं. मडक्यात तळाला पाला, मग शेंगा, ओवा, मीठ, मधेमधे अंडी. ओमने मुठीमुठीने शेंगा कोंबल्या. एरवी भाताचं शीत हाताला लागलं तरी पुसून मागणारा पोरगा तो.

मोठी माणसं व्हिडिओ काढायला गोळा झालीच. काकीने दुसरं रिकामं मडकं आणलं आणि एकेकापुढे हात केला. सगळे मोबाईल त्यात गेले.

माझा मुलगा म्हणाला, "काकी, चुकून हे मडकं पेटवू नका हां."

"पेटवलं तर शिजंल काय तुजा मोबाईल? नाय ना? मंग काय उपेगाचा?"

मडकं पालथं घालून वर पेंढा-काटक्या रचून पेटवलं. मुलं धुराने डोळे चोळत बसून राहिली. कोणी उठेना. मडकं उघडलं तेव्हा वाफेबरोबर जो वास आला, तो कुठल्या मोबाईलमधून येणार?

ओमने शेंग धरली, हात पोळला, फुंकर मारली, दाणे काढून तोंडात टाकले. पुन्हा शेंग. मग अंडं. तोंड काळं, नाक काळं. सुनेचा हात सवयीने पर्समध्ये गेला आणि रिकामा बाहेर आला. मग तिने नुसतं बघितलं. डोळे भरून बघितलं म्हणा हवं तर.

"काकी," ओम ओरडला, "अजून!"

"आईला सांग. मी काय तुजी नोकर हाय?"

घरी लगेच सगळं सुरळीत झालं नाही. पण त्या दिवसापासून वाटाणे सोलणं, पोळी कुस्करणं त्याच्याकडे आलं, आणि जेवताना आमचे सगळ्यांचे मोबाईल आतल्या खोलीत. सोललेलं तो खायचाच. स्वतःचं होतं ना.

एप्रिलमध्ये काकी गेली. झोपेत, कुणाला त्रास न देता. हे काही तिच्या स्वभावाला धरून नव्हतं.

जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी ओमचा डबा मी दारातच उघडला. रिकामा. बोट फिरवून बघितलं, कोपऱ्यात भाजीचा तुकडासुद्धा नाही. सुनेचा ऑफिसातून फोन आला. "खाल्लं का हो त्याने?"

"खाल्लं," मी म्हटलं. "तू काम कर."

मग तोच उघडा डबा घेऊन मी दुखरे गुडघे ओढत खाली पार्किंगमध्ये गेले आणि भेटेल त्याला दाखवला. वॉचमनला, इस्त्रीवाल्याला, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला. जिला दाखवायचा होता ती सोडून सगळ्यांना.