सेलूचा मंगळ

छोट्या लाईनीच्या गाडीनं परतूर सोडलं आणि खिडकीबाहेर मला मंगळ दिसला. चेष्टा करत नाही. वैशाखातलं काळं रान, पाय अडकेल एवढ्या भेगा आणि मधोमध एकटी वाकडी बाभूळ. हे सगळं मी वर्षानुवर्षं ओळखत होते. फक्त माझ्याकडच्या चित्रात जमीन तांबडी होती आणि वर दोन चंद्र होते.

पुण्याला माझ्या कपाटाचा एक अख्खा खण जुन्या विज्ञानकादंबऱ्यांनी भरलेला आहे. खिशात मावणाऱ्या, पिवळ्या पडलेल्या, आतली गोष्ट बहुतेक टाकाऊ. मी त्या जपल्या मुखपृष्ठांसाठी. त्यांतल्या मंगळावर बाभळी उगवतात. परग्रहावरची माणसं नाकतोड्यांसारखी दिसतात. आणि अंतराळात निघालेल्या बाईच्या मनगटात, चंदेरी पोशाखावरून, हिरव्या बांगड्या! आत बारीक टाइपात 'मुखपृष्ठ : शशांक, सेलू' एवढंच असतं. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला या मुखपृष्ठांवर लेख मागितला. जमलं तर त्या शशांककडून अंकासाठी नवं चित्रही आणा, म्हणाले. मी दुसऱ्याच दिवशी तिकीट काढलं.

विद्यापीठाच्या नामांतराचं घोंगडं तेव्हा भिजत पडलेलं होतं. स्टेशनांच्या भिंतींवर दोन्ही बाजूंच्या घोषणा, एकीवर दुसरी रंगवलेली. डब्यात दोन गृहस्थ जालन्यापासून भांडत होते. त्यातला एक मला म्हणाला, "ताई, नावावरून एवढा दंगा कशाला, सांगा बरं." मी म्हटलं, "मग द्या की नाव. दंगा संपेल." त्यानं सेलूपर्यंत वर्तमानपत्र तोंडापुढून काढलं नाही.

सेलूला टांगेवाल्याला म्हटलं, शशांककडे घ्या. त्यानं नेऊन सोडलं ते एका होमिओपॅथ डॉक्टरांच्या दारात. डॉक्टरांचं नाव खरंच शशांक होतं, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी जीभ दाखवायला सांगितली. साबुदाण्यासारख्या गोळ्यांची पुडी घेऊन मी बाहेर आले आणि वैतागून टांगेवाल्यापुढे पुस्तकच धरलं. त्यानं चित्र बघितलं.

"हे तर किसन पेंटरचं काम हाय. माझ्या टांग्यावरचा मोर त्येनंच काढलाय. शशांक कोन सांगितला तुमाला?"

किसन वाघमारे जिनिंग फॅक्टरीच्या (सरकीपासून कापूस वेगळा करायच्या कारखान्याच्या) मागल्या वस्तीत राहतात. पन्नाशीचा माणूस, दारात ट्रकच्या फाळक्यावर कमळ रंगवत बसलेला. मी पुस्तकं पुढे ठेवली. त्यांनी हात पुसून एकेक उचललं आणि बायकोला हाक मारली. "गया, बग. तुझ्या बांगड्या."

बांगड्यांचं कोडं तिथं सुटलं. रॉकेटमधल्या बाईसाठी गयाबाईच उभ्या राहिल्या होत्या. चित्र झाल्यावर त्यांनी नवऱ्याला धारेवर धरलं. "म्हनलं, कुटं बी जाऊ द्या तिला, पर बाईमानसाचा हात मोकळा कसा दावता? बरं दिसतंय का?" तेव्हापासून किसनरावांच्या एकाही बाईनं मोकळ्या हातानं पृथ्वी सोडलेली नाही.

"आणि रॉकेट?"

"रॉकिट कुनी बगितलंय ताई? हे जिनिंगचं धुराडं हाय, आडवं केल्यालं."

मी मनापासून हसले. मग विचारलं, "शशांक हे टोपणनाव का घेतलंत?" आणि हसू तिथंच थांबलं.

"म्या कुटं घेतलं? पुस्तकं काडनारे मालक म्हनले, वाघमारे नाव पुस्तकावर बरं दिसत न्हाई. म्या कोपऱ्यात सही करायचो, ते तेवडा कोपरा कापून छापायचे."

का बरं दिसत नव्हतं, हे मराठी वाचणाऱ्या कुणाला समजावून सांगायला नको. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धुराडं चालतं, बाभूळ चालते, बायकोच्या बांगड्या चालतात, आणि माणसाचं नाव तेवढं खुपतं? इतकी वर्षं मी कौतुकानं 'आमचा शशांक' म्हणत मिरवत होते, त्याचीही चीड आली. किसनराव मात्र शांत होते. नामांतराच्या मोर्चाचे फलक रंगवले म्हणून बाजारातल्या काही दुकानांनी त्यांना पाट्या द्यायचं बंद केलं होतं, तेही त्यांनी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं.

मी नव्या चित्राचं काढलं. ते ब्रश धूत म्हणाले, "माज्या नावानं छापनार असाल तर काडतो. न्हाई तर भाकर खा, गप्पा मारा आन् खुशाल जावा."

मी शब्द दिला. "मालकानं बी दिलता," एवढंच ते म्हणाले.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसर (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी) आणि कच्चा कांदा. येसर इतकी जहाल की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. गयाबाई गूळ पुढे करत म्हणाल्या, "पुन्याचं मानूस लय कवळं असतंय."

चित्राला दोन दिवस लागले. मी सावलीत बसून बघत होते. धुराडं आडवं झालं, भेगा पडल्या, बाभूळ उगवली, खिडकीत बांगड्यांचा हात आला. शेवटी किसनराव सही करायला कोपऱ्यात वाकले तशा गयाबाई चुलीपासून म्हणाल्या, "कोपऱ्यात नका लिवू. कोपरे कापायलेत ते लोक."

ते थांबले. मग पाट्या रंगवायचा जाड ब्रश घेतला आणि रॉकेटच्या अख्ख्या अंगावर, शेपटापासून टोकापर्यंत, पिवळ्या सावलीची लाल अक्षरं काढली : किसन वाघमारे, सेलू. दुकानाच्या पाटीवर काढतात तशी, रस्त्यापलीकडून वाचता येतील एवढी.

पुण्यात संपादकांनी चित्र टेबलावर पसरलं. "वा, वा," म्हणाले. मग चष्मा सरसा केला. "हे नाव जरा... वाचकांना शशांक ओळखीचं आहे हो. आमच्या आर्टिस्टकडून तेवढं रंगवून टाकू."

मी चित्र गुंडाळलं, माझा लेखही मागून घेतला. पंचवीस वर्षांची ओळख आहे, असं तोडू नका, म्हणाले. मी म्हटलं, "त्या माणसाचं नाव तुम्ही एका ब्रशात पुसायला निघालात, तिथं माझ्या ओळखीचं काय घेऊन बसलात?" चित्र काखेत मारून मी जिना उतरले.

सेलूच्या उन्हाचा, भेगांचा आणि त्या जहाल येसरीचा हा वृत्तांत तुम्ही आज वाचताय तो परभणीच्या या लहानशा अंकात. कागद खरखरीत आहे, रंग थोडे फाकलेत, आणि पुण्यातल्या दुकानांत तो मिळणारही नाही. पण इथल्या मंडळींनी चित्राला हात लावला नाही. अंक मिटा आणि मुखपृष्ठ पुन्हा बघा. रॉकेट अख्खं आहे.