रुळांपलीकडचा नळ

रुळांपलीकडे वस्ती होती, पण तिला नाव नव्हते. शहरातली माणसे तिला नुसते ‘पलीकडे’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या वर्षी तिथे विटांच्या दोन भट्ट्या आणि बाभळी होत्या. मग लष्कराने तंबू दुरुस्त करण्याचा डेपो उघडला, मालधक्का वाढला, आणि जिल्ह्याच्या कोरड्या तालुक्यांतून माणसे कामाला आली. आधी गोणपाटाची पाले पडली, मग कुडाच्या भिंती, मग पत्रे. भट्टीवरच्या फुटक्या विटा फुकट मिळत. त्या विटांची घरेही पुढे उभी राहिली. हे सगळे इतक्या वेगाने झाले, की नगरपालिकेने हद्द वाढवून वस्ती आत घेतली तेव्हा नकाशावर तिथे बाभळीच होत्या.

मी त्या नगरपालिकेत पाणीखात्याचा कारकून होतो.

वस्तीत पाण्याची एकच विहीर होती, भट्टीवाल्याची. माघानंतर तिचा तळ दिसे आणि उरलेले पाणी मचूळ होई. बायका स्टेशनात जात. इंजिनांना पाणी भरण्याचा सोंडेसारखा मोठा नळ फलाटाच्या टोकाला होता. इंजिन भरून झाले की ड्रायव्हर सोंड जरा उशिरा बंद करी, आणि खाली धरलेले हंडे भरत. रेल्वेच्या नियमात हे बसत नव्हते. लष्करी गाड्या वाढल्यावर स्टेशनमास्तरांनी कळवले, की उन्हाळ्याआधी फलाटाला तारेचे कुंपण पडेल आणि बाहेरच्या कोणालाही आत सोडले जाणार नाही.

वस्तीने नगरपालिकेकडे सार्वजनिक नळ मागितला. नियम असा होता, की नळ कायम रहिवाशांच्या वस्तीला मिळेल. रहिवासी किती, हे पाहण्यासाठी मला पाठवण्यात आले. घरोघर जायचे, कर्त्या माणसाचे नाव, धंदा आणि तो राहणार कोठला हे लिहायचे. एवढेच काम होते.

सगळी वस्ती ज्यांना चाचा म्हणे, त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो. ते मूळचे खर्ड्याचे मुलाणी. मशिदीची झाडलोट, दिवाबत्ती, आणि गावात लग्नकार्य किंवा जत्रा असेल तेव्हा बकरे हलाल करणे हे त्यांच्या घराण्याचे वतनी काम. हिंदू घरांतही बकऱ्याच्या मानेवर सुरी मुलाण्याचीच फिरे. त्याबद्दल त्याला वाटा मिळे, सुगीत बलुते मिळे आणि इनामाची थोडी जमीन होती. हा हक्क चाचा आणि त्यांचा चुलतभाऊ यांच्यात पाळीने चाले. एक साल याचे, एक साल त्याचे. आपल्या सालात चाचा उरुसाला आणि सुगीला रजा काढून गावी जात. एरवी ते डेपोत तंबू शिवत. वस्तीत त्यांचा शब्द चाले, म्हणून मी सुरुवात तिथून केली.

राहणार कोठले, असे विचारल्यावर ते म्हणाले, खर्डा.

मी म्हटले, आज कोठे राहता ते हवे आहे. ते म्हणाले, आज इथे आहे, राहायला खर्ड्यालाच. हे त्यांनी मला फसवण्यासाठी सांगितले नाही. ते वस्तीत पाच-सहा वर्षे होते. त्यांच्या दोन मुली इथून नांदायला गेल्या होत्या. तरी त्यांच्या लेखी हे राहणे नव्हते.

शेजारी एक गाडीवान होता, घोडेगावच्या बाजूचा. पूर्वी तिथल्या बाजारात बैलांची दलाली करी; आता मालधक्क्यावर बैलगाडी लावी. तो म्हणाला, “आमी हितले न्हाई, भाऊसाहेब. आमी हितं नुस्ते हाय.” पुढे श्रीगोंद्याकडचे तिघे भाऊ होते. तिघांच्या तीन चुली एका ओळीत पेटलेल्या दिसत होत्या. थोरल्याने सांगितले, की चूल एकच आहे आणि ती गावी आहे.

त्यामागचे कारण मला ठाऊक होते. ज्याचे गाव सुटले त्याचा वाटा सुटला, ही समजूत आमच्या मुलखात पक्की आहे. भाऊबंद बांध कोरतात, पाळी मारतात, आणि विचारायला गेले की म्हणतात, तू इथला कुठे? सरकारी कागदावर दुसरे गाव लागले तर त्यांच्या हाती पुरावाच जातो. म्हणून वस्तीतल्या प्रत्येकाने आपापले गाव सांगितले, आणि मी ते लिहिले. उत्तर बदलण्याचा मला अधिकार नव्हता.

आमचे अध्यक्ष वकील होते. त्यांनी सभेत कागद वरपासून खालपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि विचारले, की या वस्तीत भट्टीवाल्याशिवाय कोणी राहते का? मी म्हटले, माणसे पुष्कळ आहेत. ते म्हणाले, “माणसे आहेत हो, पण सगळे पाहुणे. पाहुण्याला तांब्या देतात, नळ देत नाहीत.” सभासद हसले. अर्ज दप्तरी दाखल झाला.

ठरल्याप्रमाणे कुंपण पडले. बायका नदीवर जाऊ लागल्या. नदी कोरडी होती. वाळूत झरे उकरून वाटीने पाणी भरावे लागे. एक खेप म्हणजे अर्धी सकाळ. भट्टीवाल्याने विहिरीवर राखणदार बसवला. पटकीच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा आरोग्यखात्याने अध्यक्षांना लिहिले, की पलीकडची वस्ती अशीच राहिली तर रोग शहरात यायला रूळ आडवे येणार नाहीत. त्यावर अध्यक्षांनी पुन्हा एकदा मोजणी करण्यास मान्यता दिली. पुन्हा तीच उत्तरे आली तर विषय कायमचा बंद, असेही त्यांनी शेऱ्यात लिहिले.

चैत्रातल्या एका रविवारी मी पुन्हा चाचांच्या ओसरीवर बसलो. वस्तीतले कर्ते पुरुष जमले होते. मी सगळे सरळ सांगितले. नळ रहिवाशाला मिळतो. जो गावचा म्हणून लिहवील त्याला नळ नाही. जो इथला म्हणून लिहवील त्याच्या गावच्या हक्काचे पुढे काय होईल, हे मला सांगता येणार नाही. कागद सरकारी आहे आणि त्याची नक्कल कोणीही मागू शकतो. ही शेवटची गोष्ट सांगणे माझ्या कामात नव्हते. पण ती खरी होती.

गाडीवान म्हणाला, की असे करा, आमच्या बैलांना इथले लिहा. त्यांना वाटणी नसते आणि पाणीही तेच जास्त पितात. लोक हसले. श्रीगोंद्याच्या थोरल्याने सुचवले, की घरे इथली लिहावीत आणि माणसे गावची. सगळे चाचांकडे पाहत होते, आणि ते सुईत दोरा ओवत होते. ते साल त्यांच्या पाळीचे होते. उरूस महिन्यावर आला होता.

तेवढ्यात त्यांची बायको नदीवरून आली. डोक्यावर हंडा, काखेत कळशी. दारात एवढे पुरुष पाहून तिने पदर पुढे ओढला, पण ती आत गेली नाही. काय चालले आहे ते तिने गाडीवानाला विचारले. त्याने सांगितले. तिने हंडा उतरवला नाही. तशीच उभी राहून ती नवऱ्याला म्हणाली,

“हक तुमचा खर्ड्याला, आन् हंडा माझ्या डोईवर. हितं कोन ऱ्हातं मंग?”

चाचा म्हणाले, “आत जा.”

“जाते की. पन मला कुटली लिवनार, तेवडं सांगा. माहेरी इचारलं तर सासरची म्हंत्यात. सासरी जाऊबाई म्हंती, तुमी शहराकडच्या. माझं लिवा, भाऊसाहेब. मी हितली हाय.”

मी सांगितले, की कर्त्या पुरुषाचेच लिहायचे आहे. गाडीवान खालच्या आवाजात म्हणाला, की मग कर्ता कोण ते आधी ठरवा. या वेळी कोणी हसले नाही. ती आत गेली. रांजणात पाणी ओतल्याचा आवाज आला.

चाचांनी सुई कापडात टोचून ठेवली.

“लिवा,” ते म्हणाले. “राहनार हितला.”

मी विचारले, “पाळीचे काय?”

“लिवा म्हनलं ना, भाऊसाहेब.”

मी लिहिले. त्यांनी अंगठा केला. त्यानंतर बहुतेकांनी तेच लिहवले. गाडीवान म्हणाला, की त्याच्या गावी तसाही बांधाशिवाय काही उरलेले नाही. श्रीगोंद्याच्या भावांनी आपसांत बोलून तोड काढली: धाकटे दोघे इथले झाले, थोरला श्रीगोंद्याचा राहिला, म्हणजे एक पाय गावात. तिघे पुढेही एकाच ओळीत राहत आणि थोरला त्याच नळाचे पाणी पीत असे. त्याला कोणी अडवले नाही.

पावसाळ्याआधी नळ बसला. दगडी ओटा, दोन तोट्या, सकाळी एक वेळ आणि संध्याकाळी एक वेळ पाणी. पहिल्या आठवड्यातच नंबरावरून भांडणे झाली आणि एक घागर फुटली. नळाला नंबर लावण्यासाठी रात्री दगड ठेवण्याची पद्धत पडली. पुढे देश स्वतंत्र झाला. पाण्याच्या वेळा त्याच राहिल्या.

चाचांचा चुलतभाऊ एकदा डोळे दाखवायला शहरात आला होता. तो त्यांच्याकडेच उतरला. नळावर आंघोळ केली, जेवला, आणि जाताना नगरपालिकेतून मोजणीच्या उताऱ्याची नक्कल घेऊन गेला. पुढच्या वर्षी चाचांची पाळी लागण्याआधी त्याने जामखेडला मामलेदारांकडे अर्ज केला: भाऊ गाव सोडून कायमचा शहरात राहतो, स्वतःच तसे लिहून दिले आहे, मशिदीची सेवा त्याच्याने होत नाही, सबब सेवा आणि तिचे उत्पन्न अर्जदाराकडे द्यावे. उताऱ्यावर सही माझी होती. साक्षीला मला बोलावले.

चाचा आणि मी एकाच मोटारीने गेलो. ते मागच्या बाकावर बसले, मी पुढे. साक्षीदाराने वादीबरोबर किंवा प्रतिवादीबरोबर बोलत जाणे बरे दिसत नाही. त्यांनाही ते समजत असावे.

कचेरीत कारकुनाने माझे नाव विचारले, मी सांगितले. धंदा विचारला, सांगितला. राहणार कोठले, असे विचारले, आणि मी सवयीने माझ्या वडिलोपार्जित गावाचे नाव सांगितले. तिथे आमची दोन तुकडे जिराईत जमीन होती. ती भाऊ करी. मी तिथे लहानपणानंतर राहिलो नव्हतो. चाचांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. चुलतभावाचा वकीलही थबकला, कारण त्याचा सगळा दावा ‘राहणार’ या एकाच शब्दावर उभा होता. मामलेदारांनी विचारले, “मग नगरपालिकेत रोज गावाहून येता काय?” मी उत्तर दुरुस्त केले. कारकुनाने आधीचे खोडून नवे लिहिले.

पुढे मला विचारण्यात आले, की प्रतिवादी वस्तीत कायम राहतो, हे खरे काय? मी म्हटले, खरे आहे. उताऱ्यातले त्याने स्वतः सांगितले काय? होय. दबावाखाली? नाही. नळ मिळण्यासाठी सांगितले काय, असे मामलेदारांनी स्वतः विचारले. मी म्हटले, नळ रहिवाशालाच मिळतो. तो रहिवासी आहे. यापलीकडे मला काही विचारले नाही, आणि विचारल्याशिवाय सांगण्याची रीत नव्हती.

निकाल त्याच दुपारी झाला. जो गावात राहून सेवा करतो, सेवा त्याची आणि उत्पन्न त्याचे. चाचांचे नाव इनामाच्या कागदावर राहिले, पाळी गेली. चुलतभाऊ चाचांच्या पाया पडायला वाकला. चाचांनी त्याला अर्ध्यावर धरून उभे केले आणि सांगितले, की मशिदीच्या मागचे कौल गळते, पावसाआधी बघ.

मोटार सुटायला अवकाश होता. कचेरीसमोरच्या लिंबाखाली चाचांनी भाकरीचे फडके सोडले आणि मला हाक मारली. आता खटला संपला होता, म्हणून मी गेलो. भाकरीबरोबर लाल ठेचा होता. आम्ही जेवलो. मग त्यांनी विचारले,

“भाऊसाहेब, रस्त्याला दिवा कुन्या खात्याकडं असतो?”

मी सांगितले, की बांधकाम खात्याकडे.

“मंग तितं कुनाला भेटायचं?”

मी सांगितले. अर्ज लागेल, वस्तीच्या चार-सहा जणांच्या सह्या लागतील, मग तो सभेपुढे जाईल. दिव्यांची मागणी सगळीकडून आहे आणि रॉकेलवर सरकारी नियंत्रण आहे, हेही सांगितले. ते ऐकत होते. नळाकडून घराकडे येताना खड्डा आहे, तिथे बायका पडतात, एवढेच ते म्हणाले.

सोमवारी ते डेपोला अर्धी रजा टाकून नगरपालिकेत आले. बांधकाम खात्याच्या कारकुनाने त्यांना उद्या या म्हटले. ते दुसऱ्या दिवशी आले. त्यानंतर महिन्यातून एक-दोनदा ते बांधकाम खात्याच्या बाकावर बसलेले दिसत. पुढे ते अध्यक्षांच्या खोलीबाहेर बसू लागले. एकदा सभेत मध्येच उभे राहिले म्हणून शिपायाने त्यांना बाहेर काढले. त्यांच्यामुळे पलीकडच्या वस्तीची तक्रार, एवढे शब्द निघाले तरी कारकून कपाळाला हात लावीत. गटार, खड्डा, मोकाट डुकरे, नळाची गळकी तोटी, सगळ्याला तेच येत. खर्ड्याचे नाव मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाही, विचारलेही नाही.

दिवा लागला, पण फार पुढे. तोवर मी ती नोकरी सोडली होती.