सिंहिणीला हाड म्हणणारा

आखाडा बाळापूरच्या बाजाराला जाताना एक शेळीवाला आपलं लहानगं करडू आमच्या अंगणात सोडून जायचा. बाजारच्या गर्दीत ते तुडवलं जाईल, ही त्याची भीती. बोलणं मोजकंच. निघताना ठरलेलं एक वाक्य, “गुरुजी, तुमच्या भरवशावर.”

त्या वर्षी आम्ही घरचे चौघे केनियातल्या एका शाळेत महिनाभर बिनपगारी शिकवून आलो. शेवटी जंगलही पाहिलं. या सगळ्याच्या चित्रणाची सीडी मी येईल त्याला दाखवायचो. एकदा तो करडू न्यायला आला तेव्हा त्यालाही बसवलं. वर्गातली लेकरं पाहून तो खुलला. मग सिंहिणीनं हरणाच्या पाडसावर झडप घातली, तसा तो ताडकन उठला आणि टीव्हीवर काठी उगारून ओरडला, “हाड! हाड!”

आम्ही पोट धरून हसलो. त्याची काठी उगारलेलीच होती.

“गाडीत किती माणसं व्हते, गुरुजी?”

“ड्रायव्हर, वाटाड्या धरून सहा.”

“मंग एकानं बी काहून हाकललं न्हाई?”

तिथं मनाई असते, असं मी सांगू लागलो, तेवढ्यात सीडीतून माझाच आवाज आला, “नीट घे, जवळून घे!” केवढा आनंद होता त्या आवाजात!

तो करडू उचलून निघून गेला.

पुढच्या बाजाराला तो आमच्या दारावरूनच गेला. करडू त्याच्या काखेत होतं.