डोंगरावरचं ऊन

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पडदा ओढणं.

दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलचा पडदा अडकतो. एकानं झाडूच्या दांड्यानं वरची पट्टी उचलून धरायची, दुसऱ्यानं ओढायचं. झाडू माझ्याकडे, पडदा तिच्याकडे. हे रोजचं, कारण खिडकीसमोरच्या भिंतीवर चित्र आहे. ती जिच्याकडे स्वयंपाक करायची त्या इंग्रज मॅडमनं मायदेशी जाताना दिलेलं. मॅडमच्या खापरपणजोबांच्या काळातलं, तिकडच्या डोंगराचं, पाण्याच्या रंगांत काढलेलं. ‘ऊन लागलं तर रंग उडतील,’ एवढं सांगून मॅडम गेली, आणि आम्ही सकाळभर अंधारात.

“चित्राला सावली अन् माणसाला ट्यूबलाइट,” मी म्हटलं.

“नीट धरा वर. पट्टी खाली येतेय.” मग नेहमीचं, “एवढा हिरवागार डोंगर, पण चरायला एक शेळी नाही!”

पडदा लागला. ती चित्राकडे तोंड करून सोफ्यावर बसली. मी चहा केला, आणला. म्हटलं, “घे.” परत म्हटलं, “अगं घे, निवतोय.” कप हातात द्यायला गेलो, तर कप खाली.

अँब्युलन्सची माणसं आली. उजेड हवा म्हणून एकानं हिसका मारून पडदा उघडला. मी ओरडलो, “पडदा नको! चित्र आहे!” तो म्हणाला, “अंकल, आप उधर बैठिए.” मी बसलो नाही. सांडलेला चहा पुसत राहिलो. ती गेली म्हणून सांगितलं, तरी पुसतच होतो. ताप नाही, खोकला नाही. चहा उकळेपर्यंत माणूस जातं कसं? मला अजून कळलेलं नाही.

मुलगा दुबईत, अल बर्शाला राहतो. तो रात्रीच आला. सकाळी खाली तिच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला गेला. मी एकटा, आणि ऊन आलं. एका हातानं झाडू लावला, दुसऱ्यानं पडदा ओढला. हलेना. पट्टी उचलली की पडदा हातातून सुटायचा. ऊन फ्रेमपर्यंत आलं. चित्र उतरवून ठेवावं, हे साधं सुचलं नाही. खिडकीला पाठ लावून उभा राहिलो. माझी सावली डोंगरावर पडली. ऊन सरकलं तसा मीही सरकलो.

मुलगा वर आला. “बाबा, असे काय उभे? बसा ना.”

“झाडू घे,” मी म्हटलं. “ती पट्टी वर उचल. पडदा मी ओढतो.”