तसा खेळाडू आता नाही

काल कोल्हापुरात आमच्या गल्लीतल्या तालमीच्या संघाचा फुटबॉल सामना बघायला गणपाआबांच्या शेजारी बसलो होतो. आबा आमच्या संघाचे जुने बचावपटू. त्यांना चकवून गोलापर्यंत पोचणं त्या काळी अवघड मानलं जाई.

आमच्यावर चौथा गोल झाला तेव्हा आमचा आजचा बचावपटू कमरेवर हात ठेवून उभा होता. चेंडू समोरून गेला, तरी त्यानं पाय उचलला नव्हता. मला राहवलं नाही.

"आबा, तुमच्या वेळचे अकराही आपल्या गल्लीतले. कसले एकेक खेळाडू! आता यांच्यात तसा एक तरी आहे का?"

"न्हाई," आबा मैदानाकडे बघतच म्हणाले. "आन् असंल कसा? माझा खेळ सुटल्यावर तालमीवाले मला पोरांना शिकवायला बोलवायचे. मी म्हणायचो, गुडघं दुखत्यात. दुखत नव्हते रं. माझ्यासारखा दुसरा कुणी हुऊ नये, असं वाटायचं."

चांगले खेळाडू आता जन्मालाच येत नाहीत, असं म्हणत मी इतकी वर्षं मनाची समजूत घालत आलो होतो. दैवाला बोल लावला की दुःख थोडं सोपं होतं. आता तेही उरलं नाही. जे आटलं म्हणून आपण हळहळतो, ते आपल्याच माणसांनी अडवून धरलेलं असतं.

पाचवा गोल झाला. लोक उठून जाऊ लागले.

"चला आबा."

"तू हो फुडं," ते म्हणाले. "मी संपूस्तवर बघतो."